मेडिकल दुकानात एआय आणायचंय? सुरुवात बॅच नंबरपासून

५ ऑक्टोबर २०२५, रविवार. केमिस्ट मंडळींच्या ग्रुपवर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाची सूचना फिरू लागली: कोल्ड्रिफ हे खोकल्याचं सिरप, बॅच एसआर-१३, विक्री आणि वापर ताबडतोब थांबवा. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे लहान मुलं किडनी निकामी होऊन दगावली होती. त्या बॅचच्या, म्हणजे एकाच वेळी बनवलेल्या मालाच्या, तपासणीत डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं होतं. त्या दिवसापासून आठवडाभर आमच्या काउंटरवर आया येत राहिल्या. हातात खोकल्याची बाटली, कुठल्याही कंपनीची, आणि एकच प्रश्न: "ताई, हे ते नाही ना?"

आमच्या फलटणच्या दुकानात ते सिरप कधी आलंच नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये नाव टाकून दहा सेकंदांत खात्री झाली. पण त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी एक चाचणी घेतली. समजा, उद्या आपल्याकडे रोज विकल्या जाणाऱ्या एखाद्या सिरपची बॅच परत मागवली, तर ती कुणाकुणाच्या घरी गेलीय हे मला सांगता येईल का? तापाच्या सिरपच्या नोंदी उघडल्या. बॅचच्या रकान्यात कुठे "१", कुठे "एनए", कुठे नुसता टिंब. स्टॉकिस्टचा, म्हणजे घाऊक विक्रेत्याचा, माल आला, गिऱ्हाईक उभं होतं, घाईत पर्चेस एन्ट्री (खरेदीची नोंद) उरकली, असं आम्हीच महिनोन्‌महिने केलेलं. उत्तर "नाही" असं होतं.

तेव्हापासून ओळखीतले केमिस्ट "दुकानात एआय कसं सुरू करू?" असं विचारतात, तेव्हा मी आधी त्यांची पर्चेस एन्ट्री बघायला मागते. कितीही हुशार यंत्र असलं तरी ते आपल्याच नोंदींवर चालतं. पुढचं सगळं मी माझ्या दुकानात ज्या क्रमाने केलं, त्याच क्रमाने लिहिते आहे. दुकान लहान आहे: मी फार्मासिस्ट, काउंटरवर दोन मुलं, एक संगणक, एक प्रिंटर, दुकानाचा वेगळा मोबाइल. एवढ्यात हे सगळं बसतं.

पहिलं काम: मालाची यादी साफ करणं

हे कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. एका दिवसात सगळं दुकान करायला जाऊ नका. दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते, तेव्हा रोज एक रॅक घ्या. हातात पाकीट घ्यायचं आणि संगणकावरच्या नोंदीशी सहा गोष्टी ताडून बघायच्या: नाव, कंटेंट (आतलं मूळ औषध), ताकद, बॅच, एक्स्पायरी, एमआरपी. आम्हाला तीन आठवडे लागले.

ते करतानाच जीएसटीही बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधं १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली आणि ३३ जीवरक्षक औषधांवरचा कर शून्य झाला. जुन्या नोंदीत जुना दर अडकून राहिलेला असू शकतो.

मग दुहेरी नावं. प्रत्येक दुकानात एकच गोळी तीन नावांनी चढवलेली असते: एकदा मध्ये रेघ, एकदा जागा सोडून, एकदा स्पेलिंग चुकवून. साठा तिन्हीत विभागलेला, म्हणून संगणक म्हणतो "संपलं" आणि रॅकवर मात्र आठ पाकिटं. एआय चॅटबॉट पहिल्यांदा खरोखर उपयोगी पडला तो इथे. सॉफ्टवेअरमधून फक्त मालाच्या नावांची यादी एक्सेलमध्ये काढली, तिच्यात गिऱ्हाइकाचं एकही नाव नाही ना याची खात्री केली, आणि चॅटबॉटला असं लिहिलं:

"खाली माझ्या दुकानातल्या मालाची यादी आहे. ज्या ओळी एकाच वस्तूच्या वाटतात त्यांच्या जोड्या दाखव. ताकद वेगळी असेल, किंवा नावापुढे प्लस, डी, एसआर, एएम असं काही असेल, तर जोडी लावू नकोस. 'शंका' म्हणून वेगळं दे. स्वतःहून काहीही बदलू नकोस."

शेवटची तीन वाक्यं गाळू नका. पहिल्या वेळी मी ती लिहिली नव्हती, तर त्याने पॅन-४० आणि पॅन-डी एकत्र करून दिले. पहिल्यात नुसतं पॅन्टोप्राझोल, दुसऱ्यात सोबत डॉमपेरिडोन. आपल्याला हा फरक झोपेतही कळतो. यंत्राला तो सांगावा लागतो.

बिलाचा फोटो काढला की पर्चेस एन्ट्री आपोआप भरणारी सोय आता बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये येते. ती जरूर वापरा, पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे स्टॉकिस्टकडून बिलाची फाइलच मागून घेणं आणि ती थेट आत घेणं. त्यात वाचण्याची चूक होत नाही. फोटोवरून भरलंत तर बॅच आणि एक्स्पायरी हे दोन रकाने माणसाने बघितल्याशिवाय सेव्ह करायचं नाही. फोटो वाचताना यंत्र ८ आणि बी, ० आणि ओ, ५ आणि एस, १ आणि आय यांत गडबड करतं, आणि बॅच नंबर म्हणजे नेमकी याच अक्षरांची खिचडी. बिलावरच्या बॅचशी नव्हे, हातातल्या पाकिटावरच्या बॅचशी ताडा. बिलावर एक बॅच आणि खोक्यात दुसरी, हेही घडतं.

ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, उत्पादनाची आणि संपण्याची तारीख, परवाना क्रमांक असं सगळं असतं. ज्या पाकिटांवर कोड आहे तिथे माल उतरवतानाच स्कॅन करा. माहिती जुळली नाही किंवा कोड उघडलाच नाही, तर ते पाकीट बाजूला ठेवून स्टॉकिस्टला विचारा.

सॉफ्टवेअर नवीन घेत असाल तर विकणाऱ्याला एवढं विचारा:

- एक बॅच टाकली की ती कुणाकडून आली आणि कुणाला गेली, दोन्ही दिसतं का?
- माझा सगळा डेटा मला एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, आणि सॉफ्टवेअर बदललं तर तो माझ्याकडेच राहतो ना?
- इंटरनेट गेलं तर बिल निघतं का?
- काउंटरवरच्या प्रत्येकाचं वेगळं लॉगिन होतं का?
- शेड्यूल एच-१ चं, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांचं, रजिस्टर बिलातून आपोआप तयार होतं का?

पहिल्या प्रश्नावर विक्रेता घुटमळला, तर बाकीच्या रंगीत आलेखांकडे बघू नका.

बॅच परत मागवली, तर

यादी साफ झाल्यावर मी पहिली गोष्ट बसवली ती ही. केंद्राची औषध नियंत्रण संस्था, सीडीएससीओ, प्रमाणित दर्जाच्या नसलेल्या औषधांची यादी दर महिन्याला जाहीर करते. पूर्वी ती ग्रुपवर यायची, आम्ही वरवर चाळायचो आणि विसरायचो. आता महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी ती यादी एक्सेलमध्ये घेते आणि आपल्या साठ्याच्या व गेल्या सहा महिन्यांच्या विक्रीच्या यादीशी बॅचनुसार जुळवते. सूत्र लिहिता येत नसेल तर चॅटबॉटला विचारा: "दोन पानांवर बॅच नंबरचे रकाने आहेत, दोन्हीकडे असलेले नंबर वेगळ्या रंगात दाखवायचे आहेत, पायऱ्या सांग." तो पायऱ्या नीट सांगतो. जुळणी एक्सेलच करतं, त्यामुळे त्यात कल्पनेला वाव राहत नाही. प्रत्यक्ष यादी चॅटबॉटमध्ये टाकून "जुळतंय का बघ" म्हणू नका. लांब याद्यांत तो मधल्या ओळी गाळतो आणि तरी ठामपणे सांगतो की सगळं तपासलं.

जुळलंच काही, तर विक्री थांबवा, माल वेगळ्या खोक्यात "विक्रीसाठी नाही" असं लिहून ठेवा, स्टॉकिस्टला लेखी कळवा आणि ज्यांना विकलं त्यांना फोन करा. अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. औषधाने कुणाला त्रास झाला असेल तर त्याची नोंद १८००-१८०-३०२४ वर, म्हणजे राष्ट्रीय औषधसतर्कता कार्यक्रमाकडे करायची. हे दोन्ही नंबर आम्ही संगणकाच्या पडद्याखाली चिकटवले आहेत.

त्या आठवड्यात आणखी एक काम केलं. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, हे २०२३ मध्येच सांगितलं गेलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत. ही वाक्यं ग्रुपवर राहून उपयोग नाही. ती बिल करताना समोर यायला हवीत. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मालाला सूचना जोडता येते. अशा प्रत्येक सिरपला आम्ही "वय विचारा" एवढेच दोन शब्द जोडले. बिलावर टाकताच ते लाल अक्षरांत येतात, आणि काउंटरवरचा मुलगा हात थांबवून विचारतो: "बाळ केवढं आहे?"

ऑर्डर आणि एक्स्पायरी: इथे पैसे वाचतात

"एआयने मागणीचा अंदाज" असं जे सॉफ्टवेअरवाले सांगतात, त्याचा पाया अगदी साधा आहे. एखाद्या मधुमेहाच्या गोळीची दिवसाला सरासरी ६ पाकिटं जातात, माल यायला २ दिवस लागतात, आणि आपण ३ दिवसांचा जादा साठा ठेवायचं ठरवलं, तर ६ गुणिले ५, म्हणजे ३० पाकिटं उरली की ऑर्डर लावायची. सरासरी गेल्या ६० दिवसांची घ्या. त्यात एखाद्या शिबिरासाठी कुणी एकदम १०० पाकिटं नेली असतील, तर तो दिवस वगळा. आधी दहा-वीस मालांचं हे गणित स्वतः करा आणि मगच सॉफ्टवेअरचे आकडे त्याच्याशी ताडा.

एक्स्पायरीचंही असंच. १२ पाकिटं आहेत, महिन्याला २ जातात, एक्स्पायरीला ४ महिने आहेत. वाटतं की ८ जातील आणि ४ उरतील. पण महिन्याभराच्या गोळ्या नेणाऱ्या माणसाला शेवटच्या महिन्यातलं पाकीट देऊन कसं चालेल? तो महिना वजा करा. मग ६ जातील आणि ६ उरतील. ती ६ आजच परत पाठवायच्या यादीत घाला, क्रेडिट नोट (परत केलेल्या मालाचे पैसे वळते करणारी चिठ्ठी) मिळण्याची मुदत असेपर्यंत. दहावर एक फुकट अशी स्कीम घेऊन एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, समोर बसलेला असताना हा आकडा पडद्यावर उघडा ठेवला, की नाही म्हणणं सोपं जातं.

यंत्राचा अंदाज कुठे चुकतो, ते पालखीने आम्हाला शिकवलं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटणला मुक्कामी येते. त्या दोन दिवसांत मलम, ओआरएस, जुलाबाच्या गोळ्या, क्रेप बँडेज, पायाच्या फोडांसाठी पट्ट्या यांची विक्री एरवीच्या कितीतरी पट होते. सॉफ्टवेअर गेल्या वर्षीच्या त्याच तारखा बघतं. पण आषाढी एकादशी २०२५ मध्ये ६ जुलैला होती, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैला. यंत्राच्या भरवशावर राहिलं तर जवळजवळ तीन आठवडे आधी माल येऊन पडणार, आणि खऱ्या दिवशी "सरासरी" साठा असणार. म्हणून भिंतीवरची दिनदर्शिका घेऊन बसायचं आणि वारी, गावची जत्रा, ऊसतोडीचा हंगाम, शाळा उघडण्याचा आठवडा हे वर्षाच्या सुरुवातीलाच हाताने घालायचं. तुमच्या गावात वेगळं काही असेल. ते तुम्हालाच ठाऊक, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला नाही.

चिठ्ठी वाचताना

या ठिकाणी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, म्हणून थोडं थांबून लिहिते.

फोनचा कॅमेरा धरला की डॉक्टरांचं अक्षर वाचून दाखवणारी अ‍ॅप आता कुणाच्याही हातात आहेत. गेल्या पावसाळ्यात एका माणसाने बायकोची चिठ्ठी मोबाइलवर पाठवली. फोटो तिरका, घडी नेमकी औषधाच्या नावावरून गेलेली. काउंटरवरच्या मुलाने अ‍ॅपला विचारलं. अ‍ॅपने सांगितलं, कार्बामाझेपाइन. रॅकवरून पाकीट काढूनही झालं होतं. मी चिठ्ठी मोठी करून पाहिली. पुढे स्पष्ट "१०" लिहिलं होतं. कार्बामाझेपाइन १००, २००, ४०० मिलिग्रॅममध्ये येतं. १० मध्ये येतं ते कार्बिमाझोल. पहिलं फिट्सचं, दुसरं थायरॉइड वाढलेल्यांचं. त्यांना फोन करून विचारलं, "वहिनींना काय त्रास आहे?" "गळ्याच्या गाठीची तपासणी केलीय, छातीत धडधडतं म्हणते." मग डॉक्टरांना फोन लावून नाव पक्कं केलं आणि औषध दिलं.

अ‍ॅपने "वाचता येत नाही" म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण ही यंत्रं अडखळत नाहीत. त्यांना जे सगळ्यात संभाव्य वाटतं, ते ती खात्रीच्या सुरात सांगतात. त्यावरून आमच्या दुकानात हा क्रम ठरला.

आधी फार्मासिस्टने स्वतः वाचायचं आणि जे वाटतं ते कागदावर लिहायचं. अ‍ॅपला त्यानंतरच विचारायचं. क्रम उलटा झाला की अ‍ॅपने सांगितलेलं नावच आपल्याला अक्षरात दिसू लागतं. मग तीन गोष्टी बघायच्या: या नावाचं औषध या ताकदीत मिळतं का, रोग्याच्या तक्रारीशी ते जुळतं का, आणि दिवसातून किती वेळा हे त्या औषधाला शोभतं का. तिन्हींतलं एकही अडलं किंवा आपलं आणि अ‍ॅपचं वाचन वेगळं निघालं, तर डॉक्टरांना फोन. फोन लागला नाही तर औषध द्यायचं नाही. "उद्या सकाळी या" म्हणणं गिऱ्हाइकाला आवडत नाही, पण कारण सांगितलं की बहुतेकांना पटतं.

फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. यंत्राच्या नावावर नोंदणी नाही. चूक झाली तर जबाब तुम्हाला द्यायचा आहे, आणि त्याआधी ती गोळी कुणाच्या तरी पोटात गेलेली असते.

मेथोट्रेक्सेटबद्दल वेगळं सांगते. सांधेदुखीसाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं गेलं तर जीवावर बेततं. सॉफ्टवेअरमध्ये त्याला सूचना जोडाच, आणि पाकिटावर वार लिहा: "फक्त रविवारी." सोबत फॉलिक अ‍ॅसिड असेल तर त्याचा वारही वेगळा लिहा.

दोन औषधांचं एकमेकांशी पटतं का

आंतरक्रियेच्या सूचना देणारी सोय चालू केली की पहिल्या आठवड्यात प्रत्येक बिलावर तीन-तीन सूचना येतात. आठवड्याने बोट आपोआप "ओके"वर जातं आणि खरी सूचनाही त्यातच निघून जाते. म्हणून फक्त गंभीर पातळीच्या सूचना चालू ठेवा आणि स्वतःची छोटी यादी करा. आमच्या यादीत आहे: जिभेखालची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याला सिल्डेनाफिल, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनवर मेट्रोनिडाझोल किंवा फ्लुकोनाझोल, मेथोट्रेक्सेटवर को-ट्रायमॉक्साझोल, कोलेस्टेरॉलच्या गोळीवर क्लॅरिथ्रोमायसिन, टीबीच्या रिफॅम्पिसिनसोबत गर्भनिरोधक गोळ्या, बीपीच्या टेल्मिसार्टनसोबत स्पायरोनोलॅक्टोन किंवा पोटॅशियम, आणि बीपीची व लघवीची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने कंबर दुखते म्हणून मागितलेली पेनकिलर. शेवटचं रोज घडतं, कारण पेनकिलरला कुणी औषध समजतच नाही.

चॅटबॉटला विचारायचं तर जेनेरिक नावं आणि वय लिहा, रोग्याचं नाव नको. उत्तर कुठे तपासायचं तेही ठरवून ठेवा: पाकिटातलं माहितीपत्रक आणि भारतीय औषधकोश आयोगाची नॅशनल फॉर्म्युलरी. चॅटबॉट कधीकधी संदर्भही बनवून देतो, म्हणून त्याने दिलेलं पुस्तकाचं नाव हा पुरावा धरू नका. आणि आंतरक्रिया सापडली तरी आपण औषध बंद करायचं नाही. डॉक्टरांना कळवायचं. कितीदा तरी त्यांना ठाऊक असतं आणि ते रक्त तपासून डोस जुळवत असतात.

सूचना मराठीत, आणि कळेल अशा मराठीत

माझ्या मते लहान दुकानाला एआयचा खरा फायदा होतो तो इथे. पण जसं मिळतं तसं घेऊ नका.

मी एकदा तापाची गोळी "एसओएस" (डॉक्टरांच्या भाषेत: गरज लागली तरच) असं लिहून मराठी मागितलं. उत्तर आलं: "आपत्कालीन परिस्थितीत सेवन करावे." ज्या आजीला ते द्यायचं होतं, ती अंगात ताप घेऊन बसून राहिली असती, कारण आपत्कालीन असं काही घडलंच नव्हतं. मी लिहिलं: "ताप आला किंवा अंग दुखलं तरच घ्यायची. नसेल तर नाही घेतली तरी चालेल."

असं एकेक करत पंचवीस-तीस वाक्यं तयार केली. मसुदा चॅटबॉटचा, दुरुस्ती माझी, आणि परीक्षा सासूबाईंची. त्या चौथी शिकलेल्या आहेत. त्यांना वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "सांगा, गोळी कधी घ्याल?" "दिवसातून दोनदा" ऐकून त्या म्हणाल्या, "चहाबरोबर एक, जेवणाबरोबर एक." म्हणजे चार तासांत दोन्ही संपल्या. ते झालं "सकाळी एक, रात्री एक." "एक दिवसाआड" यावरही गोंधळ होतो, म्हणून "आज घेतली की उद्या नाही, परवा घ्यायची." "रिकाम्या पोटी" म्हटलं तर चहा चालतो असं बऱ्याच जणींना वाटतं. थायरॉइडच्या गोळीचं वाक्य आता असं आहे: "सकाळी उठल्याउठल्या अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा-एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियमची किंवा रक्तवाढीची गोळी चार तासांनी." आतून ठेवायच्या गोळीवर ठळक अक्षरांत: "ही गोळी गिळायची नाही."

ही वाक्यं लेबल प्रिंटरमध्ये साठवली आहेत. आता प्रत्येक रोग्यासाठी नव्याने एआयला विचारावं लागत नाही आणि नवी चूक शिरत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी तीच वाक्यं माझ्या आवाजात रेकॉर्ड केली आहेत. बांधकामावरच्या कामगारांसाठी हिंदी केली, तेव्हा एका यंत्राकडून हिंदी करून घेतली, दुसऱ्याकडून ती परत मराठीत आणली, आणि मूळ वाक्याशी जुळली तेवढीच ठेवली. जी भाषा दुकानात कुणालाच येत नाही, तिच्यातलं लेबल मी छापत नाही. तिथे सूर्य-चंद्राची चित्रं असलेला कागद देते.

नोंदी, फोन आणि लोकांची गुपितं

शेड्यूल एच-१ मार्च २०१४ पासून लागू आहे. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रोग्याचं नाव, औषध आणि संख्या ही नोंद औषध देतानाच करायची आणि तीन वर्षं जपायची. बिलातून रजिस्टर आपोआप तयार होत असेल तर उत्तमच, पण डॉक्टरांच्या रकान्यात "सेल्फ" किंवा तेच ते एक नाव दिसलं की निरीक्षकाच्या आधी आपणच स्वतःला प्रश्न विचारावा. दर शनिवारी मी आठवड्याच्या नोंदी चाळते. टीबीची औषधं याच शेड्यूलमध्ये आहेत. त्या रोग्यांची निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवरची नोंदही आपलं कर्तव्य आहे.

चिठ्ठीचा फोटो चॅटबॉटमध्ये टाकायचा नाही. टाकायचाच झाला तर नाव, फोन, पत्ता कापून, फक्त औषधांच्या ओळी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण छोट्या गावात कायद्याच्या आधी माणसाची अब्रू असते. चिठ्ठ्या दुकानाच्या मोबाइलवरच घ्यायच्या, काउंटरवरच्या मुलांच्या फोनवर नाही.

गोळ्या संपत आल्याची आठवण पाठवणं फार उपयोगी आहे. बीपीच्या गोळ्या मधेच सोडणारे त्यामुळे कमी होतात. पण आधी विचारून परवानगी घ्या, आणि संदेशात औषधाचं नाव लिहू नका. गावात फोन एकाचा आणि वापर घरातल्या सगळ्यांचा असतो. मनाच्या आजाराची गोळी घेणाऱ्या सुनेचा संदेश दिराने वाचला, तर ती पुन्हा दुकानात येणारच नाही. आमचा संदेश एवढाच: "नमस्कार, तुमचं सामान मागवायची वेळ झाली आहे. हवं असल्यास कळवा."

फ्रीज आणि वीज

इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतं, आणि ते एकदा गोठलं की फेकायचंच. तापमान नोंदवणारं छोटं यंत्र फ्रीजमध्ये, दारापासून आणि बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवा. मर्यादा ओलांडली की फोनवर सूचना येईल असं घ्या. रात्री वीज गेलेली सकाळी आलेली असते आणि फ्रीज पुन्हा गार असतो. मधे काय झालं हे फक्त ती नोंदच सांगते.

रविवारी दुकान बंद करताना डेटाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, तो घरी न्या, आणि महिन्यातून एकदा ती प्रत खरंच उघडते का ते बघा. शिवाय एक छापील बिलबुक काउंटरखाली असू द्या. पालखीच्या दिवशी एवढी माणसं गावात येतात की फोनचं नेटवर्क बसतं, क्लाउडवरचं सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि दुकानासमोर वारकऱ्यांची रांग असते. त्या दिवशी आम्ही हाताने बिलं करतो. बिलबुक छापून घेतानाच त्यात बॅचचा रकाना ठेवून घेतला आहे. पालखी पुढे गेली की रात्री बसून सगळी बिलं संगणकात चढवायची, बॅच नंबरसकट.